उन्हाळा खाल्लेली दमनी

जामच्या चौरस्त्यावर तानबा सुताराची बायको एस.टी.ची वाट पाहत उभी राहिली, की भैय्याजीच्या हॉटेलात चहा जास्त खपायचा. लोक बाकडं सोडून उठत नसत.

आता बायको एस.टी.नं माहेरी निघाली तर त्यात बघण्यासारखं काय, असं परक्याला वाटेल. पण तानबाचा धंदा दमन्या करण्याचा. बंडी कापूस आणि कडबा वाहते, दमनी माणसं वाहते; दोन बैलांची, हलकी, खास बसायची गाडी. अर्ध्या समुद्रपूर तालुक्याला ज्यानं दमनीत बसवलं, त्याची स्वतःची बायको जिजाबाई डोईवर पदर आणि काखेत गाठोडं घेऊन लिंबाखाली एस.टी.साठी ताटकळत उभी! भैय्याजी मुद्दाम हाक मारून विचारी, "काऊन वहिनी, घरची गाडी नाई काढली?"

जिजाबाई सगळ्या बाकड्यांना ऐकू जाईल अशी सांगे, "मले पोचाचं हाय, भाऊ. नुसतं निंघाचं नाई."

हे वाक्य हिंगणघाटच्या कापूस बाजारापर्यंत पोचायला ट्रकही लागत नसे.

तसा तानबा कारागीर वाईट नव्हता, आणि माणूस तर मुळीच नाही. त्याच्या तरुणपणी दमनी म्हणजे पाटला-मालगुजारांची चीज. सागवानी, पितळी फुलं ठोकलेली. कोरडवाहू शेतकऱ्याची नवरी बंडीतच यायची. जिजाबाईही तशीच आली होती, कडब्याच्या पेंढ्यांवर बसून. लग्नानंतरचे पहिले काही दिवस तिचे लुगड्यातली कुसळं वेचण्यात गेले म्हणतात. तानबा ते ओसरीवरून बघायचा. पुढच्याच वर्षी त्यानं बाभळीची दमनी केली. पितळ नाही, नक्षी नाही, साग तर नाहीच. मागच्या फळीवर हिरवा पोपट तेवढा रंगवला. कोणालाही घेता येईल अशी गाडी. पहिल्या गाडीत जिजाबाईला बसवून माहेरी नेलं, आणि तिच्या माहेरच्या गल्लीतच दुसरी गाडी ठरली.

मग पोपटाला पंखच फुटले. "पोपटवाली दमनी" ज्याच्या त्याच्या दारात. पोरीचं लग्न ठरलं की बाप आधी तानबाकडे, मग देवाकडे. दसऱ्याच्या आत गाडी पाहिजे, कापूस निघायच्या आत पाहिजे, सगळ्यांना आत्ताच पाहिजे. आणि इथं तानबा चुकला. पावसाळ्यात तोडलेली बाभूळ पावसाळ्यातच रंधू लागला. ओल्या लाकडाचं चाक करायचं, लोखंडी धाव शेणींच्या जाळात लाल करून त्यावर चढवायची, वर पाणी ओतायचं. धाव आकसते, चाकाला मिठी मारते, आणि गाडी दिवाळीला अशी ठणठणीत दिसते की पाटलानंही मान वळवावी. हिवाळाभर काही होत नाही. पण वर्धेकडचा वैशाख! तो ओल्या लाकडातलं पाणी शोषून घेतो, लाकूड सुकतं, आणि धाव सासरी नांदायला कंटाळलेल्या सुनेसारखी सैल फिरू लागते.

उन्हाळ्यात चाकं नाल्यात भिजवायची रीत तर सगळीकडेच होती. पण तानबाची चाकं भिजवून भागेना. कोणी तक्रार घेऊन आला की तानबाचं उत्तर ठरलेलं: "भिजवलं नसन तुमी." एकदा म्हणाला, दोनदा म्हणाला, मग इतक्यांदा म्हणाला की त्याचं त्यालाच खरं वाटू लागलं.

अशात कौशल्याबाई पडली.

कौशल्याबाई जामचीच, लेक कोकिळा दिली होती नाल्यापलीकडच्या गावात, किसनरावाला. त्या गावाला एस.टी. नव्हती. आणि असती तरी काय? सासू म्हणजे काय पोस्टाची थैली आहे, की टाकली बसमध्ये आणि उतरवली? जावयानं गाडी घेऊन यावं, बोलावणं करावं, मानानं न्यावं, ही रीत. कौशल्याबाई रीतीची पक्की आणि अंगानंही भरभक्कम. किसनराव पोपटवाल्या दमनीतून तिला घेऊन निघाला. नाल्यात म्हशी लोळतात तेवढंच पाणी. बरोबर मधोमध चाकाचे आरे छत्रीच्या काड्यांसारखे पसरले, आणि सासूबाई म्हशींमध्ये जाऊन बसल्या.

वर आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "तानबाले सांगजो, माह्यं वजन धरतीमायनं पेललं. त्याच्या चाकानं नाई."

निरोप पोचला तेव्हा तानबा जेवत होता. सवयीनं त्याच्या तोंडून निघालं, "भिजवलं नसन त्यानं."

जिजाबाईनं भाकरी तव्यावरच ठेवली. "नाल्यात मोडलं, अवो! नाल्यात! आनखीन किती भिजवाचं?"

तानबानं हातातला घास ताटात परत ठेवला.

"आजपासून मी तुमच्या गाडीत बसनार नाई," जिजाबाई म्हणाली. "बाई पडली त्याचं नाई वाटत मले. चाकं सगळ्याचेच मोडते. पन तुमी खोटं बोलून राह्यले, आनि तुमाले समजूनई नाई राह्यलं."

तेव्हापासून ती एस.टी.

इकडे किसनरावानं आरडाओरडा असा केला की विचारू नका. बाजारात, पोळ्यात, मयतीत, जिथं चार माणसं भेटतील तिथं तानबाच्या दमनीची कुंडली मांडायची. लोकांना वाटे, बिचाऱ्याचं मन किती पोळलं! आतली गोष्ट कोकिळेलाच ठाऊक होती. कौशल्याबाई आली की महिनाभर राही, आणि जावयाच्या तंबाखूपासून झोपेपर्यंत सगळ्यावर बोले. आता किसनरावाला सोन्यासारखा बहाणा मिळाला होता. "माय, तुमाले आनाचं तर लय मनात हाय. पन गाडी कुठं हाय?" मोडकी दमनी त्यानं गोठ्याला टेकवून ठेवली होती आणि तिच्याकडे तो मोठ्या मायेनं बघायचा.

पण तानबाचं त्यात मरण झालं. ज्याची बायको बसत नाही त्याची गाडी कोण घेणार? लोकांनी आपापल्या दमन्यांवरचे पोपट खरवडून टाकले. तानबानं नवा रंग दिला, उपयोग नाही. भाव उतरवला, तर भैय्याजी म्हणाला, "आनखीन उतरव. मलमपट्टीबी संगं देजो." तानबाही हसला. पण घरी आल्यावर रंधा हातात घेऊन नुसता बसून राहिला. धंदा बुडाल्याचं दुःख होतंच. पण जिजाबाई लिंबाखाली उभी राहते, ते जास्त लागायचं. तिनं पुन्हा आपल्या गाडीत बसावं, याच्यापलीकडे त्याला काही नको होतं. आणि तोंडानं विनवणी करून ती बसणाऱ्यातली नव्हती.

म्हणून त्यानं तोंड बंद केलं आणि दमन्या करणंही बंद केलं. उन्हाळ्यात जुनी बाभूळ तोडली, लाकडातला चीक उतरावा म्हणून ओंडके नाल्याच्या डोहात गाळाखाली दाबले आणि पावसाळाभर तसेच राहू दिले. मग काढून, चिरून, घरामागे सावलीत रचले. वाळू दिले. दसरा आला, गेला. दिवाळी गेली. पुढचा दसराही गेला. शेजारी रूपराव कुंपणावरून विचारी, "काऊन तानबा, गाडीसाठी रचले का स्वतःसाठी?"

"लाकूड आधी वाळते का मी, पाहू," तानबा म्हणे.

तोवर पोट भरायला तो गावोगाव जाऊन जुन्या दमन्या दुरुस्त करत फिरला. मजुरी मागायचा नाही, कोणी शेर-पायली ज्वारी दिली तर घ्यायचा. कुठं चहा मिळायचा, कुठं शिव्या, दोन्ही गरम. "भिजवलं नसन" हे शब्द मात्र त्याच्या तोंडून पुन्हा निघाले नाहीत. कोणी बोललं तर मान खाली घालून म्हणायचा, "लाकूड ओलं होतं, भाऊ. चूक माह्यी."

किसनरावाकडेही गेला. किसनराव त्याला गोठ्यामागे घेऊन गेला आणि चक्क हात जोडले. "तानबा, बाकी काईबी कर, हे चाक नको लावू. माह्या घरात सुख हाय रे!"

तानबाला आधी कळेना, मग कळलं, आणि तो इतका हसला की बैल बिचकले. पण हसू ओसरल्यावर त्याला असंही कळलं, की आपली इज्जत या माणसाच्या गोठ्याला टेकून उभी आहे.

एक गोष्ट त्यानं कोणाला सांगितली नाही. गावोगाव फिरून परत आला, की घरामागच्या फळ्या त्याला उलटलेल्या दिसायच्या. खालची बाजू वर, वरची खाली. एकसारखं वाळायला जसं पाहिजे तसं. जिजाबाई चुलीपाशी बसलेली असायची, जणू त्या फळ्या वाऱ्यानंच फिरवल्या. त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं थांबवलं असतं.

आणीबाणी उठली त्या साली होळीला त्यानं नवी दमनी केली आणि चौरस्त्यावर, भैय्याजीच्या हॉटेलासमोर भर उन्हात उभी केली. चाकांना पाण्याचा थेंब लावायचा नाही. बाजूला हातोडी टांगलेली. ज्याला वाटेल त्यानं धाव ठोकून बघावी.

भैय्याजी म्हणाला, "पोपट नाई काढला?"

"लय बोलला तो. आता चाकाले बोलू दे."

चैत्र गेला. लोकांनी ठोकलं. ट्रकवाले सरदारजी चहा पिता पिता ठोकून गेले. वैशाखात डांबर वितळलं, कावळे माणसांच्या माठावर येऊन बसू लागले, तरी धाव तसूभर हलली नाही. ठोकलं की देवळातल्या घंटेसारखी वाजायची. लोक मान डोलवायचे. पण घ्यायचं नाव कोणी काढेना. रूपरावानं सगळ्यांच्या मनातलं बोलून दाखवलं: "उभी गाडी कोनाचीबी टिकते, तानबा. बसून दाखवलं पाह्यजे. आनि बसाचं म्हनशीन, तर कौशल्याबाईनंच."

तानबा कौशल्याबाईच्या ओसरीवर गेला. तिनं पानाचा डबा उघडला, सुपारी कातरली, आणि बराच वेळ त्याला तसंच उभं ठेवलं. मग म्हणाली, "तुही बायको बसते काय रे? नाई? तिले बसव, मंग मी बसीन."

घरी येऊन सांगितलं, तर जिजाबाई म्हणाली, "माह्या बसन्यानं गाडीले काय समजनार? मी चिमनीएवढी. पयले कौशल्याबाईले बसवा, मंग पाहू."

तानबा पुन्हा तिकडे. कौशल्याबाई म्हणे, तिचा नवरा, तिची गाडी, मरायचं मी? तानबा पुन्हा इकडे. त्याच्या या येरझारा भैय्याजीच्या हॉटेलातून दिसत होत्या, आणि तिथं त्यावर पैजा लागल्या.

शेवटी दोघी विहिरीवर समोरासमोर आल्या. काय बोलणं झालं ते तिथं असलेल्या बायकांनी पंचवीस तऱ्हांनी सांगितलं. एवढं मात्र सगळ्यांचं सारखं, की आधी दोघी खूप वेळ आपापल्या घागरी घासत राहिल्या. मग कौशल्याबाई म्हणाली, "राहू दे ते रीत. लेकीले पाहून लय दिवस झाले व, जिजा," आणि तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. जिजाबाईनं तिची घागर भरून दिली. म्हणाली, "उद्या सोबतच बसू. पडलो तं दोघी पडू."

बैल रूपरावाचे, हाकणाराही तोच. चौरस्ता गोळा झाला. जिजाबाई आधी चढली, एका कोपऱ्यात अंग चोरून बसली. मग कौशल्याबाई. गाडी दबली, करकरली, थांबली.

"हाक ना रे," कौशल्याबाई म्हणाली. "दर्शनाले बसलो काय आमी?"

तानबा गाडीत बसला नाही. चाकाच्या बाजूनं चालत राहिला, ज्येष्ठाच्या उन्हात, नजर आऱ्यांवर. नाला आला. चाक उतरलं, दगडावर चढलं, म्हशींच्या चिखलात बसलं, वर आलं. तानबाच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत गेला तरी त्यानं तो पुसला नाही. गाडीत मात्र दोघींचं कोणाच्या तरी सुनेवरून असं रंगलं होतं, की पलीकडचा चढ लागल्यावर कौशल्याबाईनं विचारलं, "नाला कधी येते?"

किसनराव दारात होता. सासू उतरताना त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. दमनी बघून तर आणखीच. तानबा म्हणाला, "तुमची मोडली होती ना, तिच्या बदल्यात हे घ्या. उन्हाळा खाऊन तयार झाली." सगळं गाव बघत होतं. नाही म्हणायची सोय नव्हती. आतून कोकिळा धावत आली आणि आईच्या गळ्यात पडली. मग कौशल्याबाईनं जावयासाठी जपून आणलेलं बोलणं पदरातच राहिलं. किसनरावानं पुढे दोन-चार बाजारांत गाडीला नावं ठेवून पाहिली. पण ज्याच्या घरी सासू त्याच गाडीतून येते-जाते, त्याचं ऐकतो कोण? त्या दिवाळीला तानबानं ओल्या लाकडाची घाई करणारी गिऱ्हाइकं परत पाठवली, आणि तीच गिऱ्हाइकं पुढच्या उन्हाळ्यात येऊन हातोडी मारून गाड्या घेऊन गेली.

पण हे पुढचं. त्या दिवशी त्याच दमनीतून माघारी जायचं ठरलं. किसनराव उद्या येऊन गाडी नेणार होता. न्यायची इच्छा किती, ती गोष्ट वेगळी. जिजाबाई एकटीच आत बसली. रूपरावानं बैल जुंपले. तानबा सवयीनं पुन्हा चाकाशी जाऊन चालू लागला. गाव मागे पडलं. पळसाची सावली आली आणि गेली. जिजाबाई त्याच्या उन्हानं तापलेल्या मानेकडे बघत होती.

"अवो," ती म्हणाली, "आमी दोघी बसून आलो. आता कोनाचा भरोसा नाई तुमाले?"

तानबा थांबला. गाडी थोडी पुढे गेली. मग तिनं गाठोडं उचलून मांडीवर घेतलं आणि बाजूला सरकली. रूपराव सांगतो, त्यानं मागे वळून पाहिलंच नाही. पण गाडी एकाएकी जड झाली हे बैलांना कळलं, आणि बैलांचं त्याला कळलं.