उस्तांचा पंधरावा मोसम

उस्ता माणसांना नावाने ओळखत नसत, नंबरने ओळखत. पार्सिपनीत रूट फॉर्टीसिक्सच्या कडेला दुकानांची एक बैठी रांग होती. तिथल्या ड्रायक्लीनरच्या दुकानात, खिडकीशी शिलाई मशीन मांडून ते बसलेले असत. गिऱ्हाईक दारातून काउंटरपर्यंत पोचेतो त्यांनी त्याला मनातल्या फुटबॉलच्या मैदानात उभं केलेलं असे. बँकेतला उंच, सावकाश चालणारा मॅनेजर म्हणजे चार नंबर. शेजारच्या डेंटिस्टकडची उतावळी रिसेप्शनिस्ट अकरा. माझा नवरा समीर पँट आखूड करायला घेऊन गेला, तेव्हा चष्म्यावरून त्याच्याकडे बघून ते म्हणाले, "आठ नंबर. पुष्कळ पळतोस. गोल करत नाहीस."

समीरला फुटबॉलमधलं काही कळत नाही. घरी येऊन म्हणाला, "तो टेलर जरा वीअर्ड आहे यार." मी मात्र हसत सुटले, कारण समीरचं इतकं नेमकं वर्णन मला चार वर्षांच्या संसारात जमलं नव्हतं.

मी कोल्हापूरची. आमच्याकडे कुस्तीच्या तालमींचे फुटबॉलचे संघ असतात आणि मॅचच्या दिवशी एका पेठेतला माणूस दुसऱ्या पेठेत सोयरिकीचं बोलायलाही जात नाही. माझे बाबा अशाच एका तालमीकडून अकरा वर्षं लेफ्ट बॅक खेळले. त्यामुळे पँट आणायला मीच गेले. उस्तांनी मला एकदाच पाहिलं आणि म्हणाले, "तीन." तीन म्हणजे लेफ्ट बॅक. मी म्हटलं, "माझे वडील तीन नंबर होते." त्यांनी मशीनवरचा पाय काढला आणि कोपऱ्यातली खुर्ची माझ्याकडे सरकवली. पुढची चार वर्षं ती खुर्ची माझी होती.

हे २००२ सालचं. माझा व्हिसा एच-फोर, म्हणजे नवऱ्याच्या पदराला बांधलेला. कोल्हापुरात मी कॉलेजात शिकवत होते. इथे नोकरी करायला परवानगी नव्हती, गाडी चालवता येत नव्हती आणि दुपार संपता संपत नव्हती. उस्तांचं दुकान आमच्या अपार्टमेंटपासून चालत बारा मिनिटांवर. मी वाचायला पुस्तक घेऊन जायची, ते उघडायचीच नाही.

उस्ता हे त्यांचं नाव नव्हे. तुर्की भाषेत कसबी कारागिराला उस्ता म्हणतात, आपल्या उस्तादाचा सख्खा भाऊ. तुर्कस्तानच्या काळ्या समुद्राकाठी आकचाबुरुन नावाचं त्यांचं गाव. तिथे त्यांचं टेलरचं दुकान होतं, पण त्यांचा खरा अभिमान वेगळाच होता. गावाच्या व्यावसायिक फुटबॉल क्लबचे कपडे, बूट, चेंडू सगळं सत्तावीस वर्षं त्यांच्या ताब्यात होतं. कपड्यांच्या खोलीची किल्ली फक्त त्यांच्याकडे असे. बायको गेल्यावर मुलगी सेवगी त्यांना अमेरिकेला घेऊन आली. सेवगी पॅटर्सनच्या एका बेकरीत काम करायची, आणि बापाने घरी बसून भिंतीशी बोलू नये म्हणून तिनेच त्यांना हे काम बघून दिलं होतं.

त्या वर्षी जूनमध्ये वर्ल्ड कपात तुर्कस्तान तिसरं आलं. तो सामना आमच्याकडे सकाळी सातला दिसला. पॅटर्सनमध्ये लोक झेंडे घेऊन गाड्यांतून फिरले. मी पेढे करून दुकानात गेले, तर उस्ता शांतपणे कुणाच्या तरी कोटाचं अस्तर उसवत होते. म्हणाले, "चांगलं झालं. पण देशासाठी सगळेच ओरडतात, कझिम. क्लबसाठी कोण ओरडणार?" मला ते कझिम म्हणत, तुर्कीत त्याचा अर्थ 'माझ्या मुली'. पेढे मात्र त्यांनी तीन खाल्ले.

त्यांचं आणखी एक वाक्य माझ्या तोंडी बसलंय. हरलेल्या संघाचे कपडे आधी धुवायचे, जिंकलेल्यांचे थांबू शकतात. सामना हरून बस गावात परतली की ते घरी न जाता आधी सगळे शर्ट भिजत घालत. "सकाळी त्या पोरांना कालचा चिखल दिसता कामा नये," असं त्यांचं म्हणणं.

मी फार दिवस ऐकतेय हे पाहिल्यावर एकदा त्यांनी मशीनखालून शाळकरी वह्यांचा गठ्ठा काढला. क्लबचा इतिहास. एका मोसमाला एक पान, बारीक तिरक्या अक्षरात. सेवगीची मुलगी तुर्की बोलायची तोडकी मोडकी, वाचायची अजिबात नाही. तिच्यासाठी हे इंग्रजीत हवं होतं. "तुझ्याकडे कॉम्प्युटर आहे. वेळ आहे. आणि तू तीन आहेस," उस्ता म्हणाले. "इतिहासाला आम्ही तारीह म्हणतो." मी सांगितलं, आमच्याकडे तारीख म्हणजे दिवस. त्यांना ते पटलं. "बरोबर आहे. एकेक दिवसच असतो."

दुसऱ्या दिवसापासून मी समीरचा जुना लॅपटॉप घेऊन जाऊ लागले. ते पान वाचायचे, मोडक्या इंग्रजीत सांगायचे, शब्द अडला की हाताने दाखवायचे. मैदान, दुनिया, किताब, चाय हे शब्द आमच्या दोघांचेही होते, तेवढे सोपे जायचे. समीर विचारायचा, "हे काय व्हॉलंटिअरिंग आहे का तुझं?" मी हो म्हणायची. खरं तर त्या देशात मला मिळालेलं ते पहिलं काम होतं.

तो इतिहास मला अजून पाठ आहे. गावात आधी दोन संघ होते, एक कोळ्यांचा आणि एक शाळामास्तरांचा, आणि दोघांचं हाडवैर. साठच्या दशकात, क्लब एक असेल तरच व्यावसायिक लीगमध्ये घेऊ असं वरून कळलं, तेव्हा दोन्ही संघ नाइलाजाने एकत्र आले. रंगावरून आठवडाभर भांडण चाललं. कोळ्यांना निळा हवा, मास्तरांना पांढरा. शेवटी उस्तांचे गुरू, गावातले म्हातारे टेलर, वैतागून म्हणाले की माझ्याकडे अकरा शर्टांना पुरेल एवढं कापड फक्त विटकरी रंगाचं आहे, घ्यायचं तर घ्या. क्लबचा रंग विटकरी झाला. मैदान समुद्राकडे उतरतं होतं, म्हणून सामना सुरू असताना एक नाव पाण्यात थांबायची, चेंडू काढून द्यायला. एका पावसाळी दुपारी त्यांनी इस्तंबूलच्या एका बलाढ्य संघाला कपमध्ये हरवलं. त्या पानावर उस्तांनी स्कोअर लिहिलाच नव्हता. फक्त अकरा नावं होती आणि खाली, 'शर्ट नंतर दोन दिवस धुतले नाहीत.'

वह्या संपत आल्या तेव्हा टाइप केलेली पानं क्रमाने लावताना माझ्या लक्षात आलं, चौदाव्या मोसमानंतर एकदम सोळावा होता.

"पान राहिलंय का?" मी विचारलं.

"त्या वर्षी काही झालं नाही."

"पण चौदाव्यात तुम्ही दुसऱ्या लीगमध्ये आहात आणि सोळाव्यात तिसऱ्या. म्हणजे खाली गेलात."

उस्तांनी सुई तोंडात धरली आणि दोरा शोधू लागले. आणि माझ्या तेव्हाच दुसरीही एक गोष्ट लक्षात आली. इतक्या वर्षांत त्यांनी कुणालाच एक नंबर, म्हणजे गोलकीपर, म्हटलं नव्हतं. मी न राहवून विचारलं, "उस्ता, तुमचा गोलकीपर कोण होता?"

"माझा भाऊ," ते म्हणाले. "केमाल."

सगळं सांगायला त्यांना दोन दुपारी लागल्या. पंधराव्या मोसमाचा शेवटचा सामना परगावी होता. बरोबरी झाली असती तरी क्लब वाचला असता. पहिल्या मिनिटापासून पाऊस. मध्यंतराला केमालने कोरडे हातमोजे मागितले. दुसरी जोडी ठेवलेली पिशवी उस्ता गावीच विसरून आले होते. केमालने ओले हातमोजे पिळले आणि पुन्हा घातले. सामना संपायला चार-पाच मिनिटं असताना एक साधा, सरळ चेंडू त्याच्या हातातून सुटला आणि गोलात गेला.

गावात परतेपर्यंत बातमी पुढे गेली होती. गोलकीपरने सामना विकला. त्यांच्या घरावर दगड आले. चहाच्या दुकानात केमाल बसला की बाकीचे उठून जात. वडिलांनीसुद्धा बोलणं टाकलं. दोन महिन्यांनी तो जर्मनीला एका कारखान्यात निघून गेला, तो परत गावात आला नाही.

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"मी गप्प बसलो. सांगितलं असतं तर कपड्यांच्या खोलीची किल्ली काढून घेतली असती. मला वाटलं, चार दिवसांनी लोक थंड झाले की सांगेन. मग पुढचा मोसम सुरू झाला. मग फार उशीर झाला." दोरा दाताने तोडून ते म्हणाले, "त्यानेही कुणाला सांगितलं नाही. मलासुद्धा एका शब्दाने बोलला नाही. ते सगळ्यांत वाईट."

मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते, आणि खरेपणाबद्दल माझी मतं माझ्या अनुभवापेक्षा मोठी होती. मी म्हटलं, "पंधरावं पान नसेल तर मी हा इतिहास पूर्ण झाला असं म्हणणार नाही." उस्तांचा चेहरा बदलला. त्यांनी लॅपटॉप मिटून माझ्या हातात दिला. पुढे तीन आठवडे मी गेले की ते एवढंच म्हणत, "कपडे शनिवारी मिळतील." माझे कुठलेही कपडे त्यांच्याकडे नव्हते. मी घरी येऊन रडले. म्हाताऱ्या माणसाला दुखवण्याचा मला काय अधिकार होता, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

चौथ्या आठवड्यात सेवगीने तिच्या बेकरीतल्या गोल पावासोबत एक पाकीट आणून दिलं. आत वहीचं एक पान होतं. इतर पानांपेक्षा अक्षर मोठं, जणू लांबून वाचता यावं म्हणून लिहिलेलं. मी दुकानात गेले. खुर्ची जागेवर होती. ते एकेक ओळ सांगत गेले आणि मी टाइप करत गेले.

सगळ्या वह्यांच्या झेरॉक्स काढून उस्तांनी त्या जर्मनीला पाठवल्या. सोबत चिठ्ठी नाही. मग वाट बघणं सुरू झालं. पोस्टमन दुकानात शिरला की उस्तांचं मशीन थांबायचं. हिवाळा गेला. मला वाटू लागलं, मी दोन भावांमधला उरलासुरला धागाही तोडला.

एप्रिलमध्ये उत्तर आलं. पाकिटात एकच झेरॉक्स पान होतं, आणि तेही पंधराव्या मोसमाचं नाही, नवव्याचं. एका ओळीखाली लाल पेनाने रेघ मारून केमालने समासात लिहिलं होतं, 'हा गोल दहा नंबरने नाही, सातने मारला. मी पाहत होतो.'

मला ते फार रुक्ष वाटलं. उस्ता मात्र ते पान पुन्हा पुन्हा वाचत होते आणि त्यांच्या चष्म्याच्या काचा धुरकट झाल्या होत्या. "त्याने सगळं वाचलं, कझिम," ते म्हणाले. "नववं वाचलं म्हणजे पंधरावंही वाचलं. आणि तरीही माझ्याशी भांडतोय." त्याच दिवशी दुपारी त्यांनी दुकानाच्या फोनवरून जर्मनीला फोन लावला. मी उठून बाहेर जाऊ लागले, तर हाताने मला बसवून ठेवलं. मला तुर्की कळत नाही, पण त्यांचे आकडे एव्हाना ऐकून ओळखीचे झाले होते. पहिली काही मिनिटं तो सात नंबर की दहा नंबर, यावरच वाद चालू होता, एवढं कळलं.

२००६ च्या उन्हाळ्यात उस्ता गावी गेले. केमाल जर्मनीहून थेट तिथे आला. महिनाभराने उस्तांचा मला फोन आला. त्यांनी चहाच्या दुकानात उभं राहून पंधरावं पान सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. त्या सामन्यातले तिघे खेळाडू तिथे हजर होते.

"लोक काय म्हणाले?" मी विचारलं.

"चहावाला आला आणि त्याने केमालसमोर ग्लास ठेवला. केमाल उठून गेला नाही. दुसरेही कुणी उठले नाहीत."

ते परत अमेरिकेला आले नाहीत. क्लब तोवर खाली घसरत हौशी संघांच्या लीगमध्ये पोचला होता. त्यांनी कपड्यांची खोली पुन्हा हातात घेतली. फोनवर सांगायचे, पोरं शर्ट फार फाडतात, पण नऊ नंबर चांगला आहे.

२००८ च्या मार्चमध्ये सेवगी आमच्याकडे आली. मी तेव्हा ग्रीन कार्ड मिळून शाळेत शिकवायला लागले होते. ती गावाहून नुकतीच परतली होती. उस्ता झोपेत गेले होते. स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच तिने सांगितलं, की जनाजा निघाला तेव्हा ताबुताला, म्हणजे शवपेटीला, पुढून खांदा केमालकाकांनी दिला आणि त्यांच्यामागे गाव चाललं. खांदा बदलायला कुणी पुढे आलं तर ते हलत नव्हते. शेवटी लोकांनी त्यांना राहू दिलं.

दफन झाल्यावर तिने काकांना विचारलं होतं, तीस वर्षं तुम्ही ती पिशवीची गोष्ट कुणालाच का सांगितली नाहीत?

"काय म्हणाले?" मी विचारलं.

सेवगी खुर्चीवर बसली. "म्हणाले, तो माझा मोठा भाऊ. त्याने सांगायच्या आधी मी कसं सांगणार?"