बाटलीतलं ऊन

आमच्या पारोळ्यात ऊन फुकट मिळतं. माझ्या मुलासाठी मात्र ते बाटलीतून आणावं लागलं.

धुळ्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "आईच्या दुधात व्हिटॅमिन डी कमीच असतं. दूध पाजत राहा, पण बाळाला रोज मोजून थेंब द्या. आईच्या गोळ्या वेगळ्या." घरी येऊन मी माझ्या आईला, म्हणजे अक्काला (तिने विचारलं नसताना!) व्याख्यान झोडलं. "अक्का, हे म्हणजे ऊनच गं! ऊन कसं कातडीतून मिळतं, तसं!" बाळाची आंघोळ तिच्याकडे होती, म्हणून थेंबांचं कामही तिच्याकडेच दिलं.

चौथ्या दिवशी सकाळी मी बाटली उचलली. रिकामी!

"अक्का, औषध कुठंय?"

"सरनं ते."

कित्येक आठवडे पुरणारं औषध चार दिवसांत संपलं? मोबाइलवर 'व्हिटॅमिन डी जास्त झाल्यास' शोधलं आणि उरलेलं अवसानही गेलं. माझी बायको सरिता बाळाला छातीशी धरून रडायला लागली. तिघांना गाडीत कोंबून मी धुळ्याकडे सुटलो.

वाटेत बाळ शिंकलं. "सुरू झालं!" मी किंचाळलो.

"अहो, पुढे बघा!" सरिता त्याहून मोठ्याने किंचाळली.

मग बाळाने जांभई दिली. ग्लानी! मग ते शांत झोपलं. आता तर मला पुढचं दिसेना. खरं सांगतो, इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो. अक्का मागून म्हणाली, "आरे भाऊ, ऐक तरी..."

"तू आता एक शब्द बोलू नकोस!"

धुळ्याचा दवाखाना येईपर्यंत मी हॉर्न वाजवत राहिलो.

डॉक्टरीणबाईंनी बाळाला नीट तपासलं आणि विचारलं, "आजी, रोज किती पाजलं?"

"पाजं कोनी? बठ्ठं औषध मालिशना तेलमा टाकी दिनं! हाऊच त सांगे, कातडीमाईन मिळस!" अक्काने माझ्याकडे बोट दाखवलं.

"पोटात थेंबही नाही?"

"नही ना माय! वाटमा हाऊ बोलूच देये ना!"

सरिता रडता रडता हसायला लागली. मी भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता मन लावून वाचू लागलो.

डॉक्टरीणबाईंनी नवी बाटली लिहून दिली. 'थेंब तोंडावाटे, रोज एकदा.' आणि खाली, दोन रेघा ओढून: 'सूचना आजींना थेट द्याव्यात. वडिलांमार्फत नको.'