शू मिनचा राहिलेला ट्राय

ज्या दिवशी आमचा निम्म्याहून जास्त स्क्रम तिळाच्या तेलात निथळत मैदानात उतरला, तो सामना आम्ही जिंकलो. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून तुमचा त्यावर विश्वास बसणार नाही.

मी सिंगापुरात रग्बी खेळते. पुंगोलच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर वजन कमी करावं म्हणून मी बायकांच्या एका क्लबात चौकशीला गेले होते. तिथल्या कोचबाईंनी मला आडवं-उभं न्याहाळलं आणि म्हणाल्या, "एक किलोसुद्धा कमी करायचं नाही." आयुष्यात हे वाक्य मला कुणी म्हटलं नव्हतं. मी त्याच संध्याकाळी वर्गणी भरून टाकली.

माझी जागा स्क्रमच्या पहिल्या फळीत. स्क्रम म्हणजे आमच्या आठजणी आणि समोरच्या आठजणी डोकी खाली घालून, खांदे भिडवून एकमेकींना रेटतात. (लग्नाच्या पंगतीत जागा धरायची सवय असली की वेगळं शिकावं लागत नाही.) पहिल्या दोन महिन्यांत माझे कान सुजून अनारशाएवढे झाले, आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी पैठणी, नथ आणि उजवा डोळा जांभळा अशी हजर राहिले. पण खरे हाल झाले ते माझ्या नवऱ्याचे, मंदारचे. शेजारची चिनी आंटी लिफ्टमध्ये आधी माझ्या डोळ्याकडे बघायची आणि मग उतरेपर्यंत मंदारकडे. शेवटी बिचारा लिफ्टमध्ये शिरताना माझे खिळ्यांचे बूट स्वतःच्या हातात धरायला लागला. पुरावा म्हणून.

पहिल्या फळीत माझ्या शेजारी शू मिन. आमची कॅप्टन. नोव्हेनाला एका हॉस्पिटलात नर्स होती, आणि रात्रपाळी संपवून थेट सरावाला यायची. इतकी वर्षं खेळली, पण तिच्या नावावर एक ट्राय नव्हता. चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवला की ट्राय. ते काम मागच्या चपळ पोरींचं. आम्ही पुढच्या म्हणजे लग्नातले आचारी. घाम आमचा, फोटो त्यांचे. शू मिन कधी बोलली नाही, पण कुणी ट्राय केला की सगळ्यांत आधी पळत जाऊन ती मिठी मारायची, आणि परत येताना त्या रेषेकडे एकदा वळून बघायची. हे फक्त मला माहीत होतं, कारण परत येताना मी धापा टाकत तिच्याच मागे असायचे.

मग तिचा गुडघा गेला. ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, त्याआधी एक सामना खेळून घे, नंतर रग्बी बंद. आणि तो सामना नेमका दीपावलीच्या सुट्टीच्या सकाळी आला. इथे ती सुट्टी तमिळ पंचांगाप्रमाणे, म्हणजे आपल्या नरकचतुर्दशीला.

आम्ही ठरवलं, काय वाटेल ते होवो, शू मिनकडून ट्राय करवून घ्यायचा. "चेंडू तिच्या हातात मी देणार," मी सगळ्यांसमोर जाहीर केलं. कुणी विचारलंही नव्हतं. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मैदान आमच्या घरापासून जवळ, म्हणून मी स्क्रममधल्या सगळ्याजणींना पहाटे फराळालाही बोलावून ठेवलं.

आणि घरी कोल्हापूरहून सासूबाई आलेल्या होत्या.

तुम्हाला वाटेल, सासूबाईंना सुनेचं हे खेळणं खपत नसणार. छे. त्यांचे वडील तालमीचे वस्ताद. लहानपणी त्यांनी बाहुल्यांऐवजी पैलवान पाहिले. माझा पहिला सामना बघून त्यांनी एवढंच विचारलं, "एवढ्या दांडग्या बायका, आणि कोण कुणाला चीत करंना. ह्यो कसला खेळ गं?" शू मिनच्या दंडाला त्यांनी दोन बोटांनी दाबून पाहिलं होतं आणि त्या दिवसापासून ती त्यांची 'शुमी' झाली होती. मला दाबून पाहिलं तेव्हा फक्त उसासा टाकला.

नरकचतुर्दशीला पहाटे सातजणींनी दार वाजवलं. आत मी आठवी. सासूबाई पाट मांडून, पदर खोचून, पितळेच्या वाटीत तिळाचं तेल कोमट करून बसलेल्या.

"आधी तेल, मग फराळ," त्या म्हणाल्या.

"आई, अहो त्यांच्यात नसतं तसलं काही," मी म्हटलं.

"नसूं दे की. आपल्यात आल्यात न्हवं? सणाच्या पहाटे दारात आलेल्या लेकी पारोशा धाडू व्हय मी?"

शू मिननं विचारलं, "आंटी मसाज देतात?"

मी म्हटलं, "तसंच काहीसं, पण..."

"कॅन, कॅन," म्हणजे चालेल चालेल, असं ती म्हणाली आणि पाटावर जाऊन बसली.

मला माहीत होतं. तेल, चेंडू आणि हात यांचं गणित पहिलीतल्या पोराला सुटलं असतं. पण सासूबाईंचा चेहरा इतका फुललेला, आणि इतक्या जणींसमोर 'किती गोड फॅमिली' असं ऐकायची माझी हौस इतकी जबर, की मी पुढचं वाक्य गिळलं आणि मोबाइलवर व्हिडिओ काढायला लागले.

ते अभ्यंग नव्हतंच. ते आखाड्यातलं मालिश होतं. सासूबाईंनी मांड्या मळल्या, पोटऱ्या पिळल्या, पाठीवर अशा थापा दिल्या की खालच्या मजल्यावरच्या काकांनी काठीनं छत ठोकलं. आमची सर्वांत आडदांड खेळाडू, जिला टॅकल करायला दोघी लागतात, ती पाटावर बसून डोळे मिटून घोरायला लागली. शू मिनच्या गुडघ्यापाशी मात्र सासूबाईंचा हात हळू झाला. तेलाचा हात गोल गोल फिरवत त्या किती तरी वेळ नुसत्या बसल्या. "लई वापरलाय गं पोरीनं," मला म्हणाल्या.

खरा घोटाळा पुढे. सासूबाईंचा कायदा असा की साबण चालणार नाही. तेल उटण्यानंच उतरवायचं. दोन न्हाणीघरं, आठ बायका आणि कोल्हापूरहून आणलेलं जाडंभरडं उटणं. तिघींच्या आंघोळी होईस्तोवर दोन्हीकडची मोरी तुंबली. पाणी घोट्यापर्यंत. मंदार झाडूची दांडी घेऊन आत गेला तो बाहेर येईना. माझी सात वर्षांची ईरा दारात उभी राहून सिंगापुरी इंग्रजीत बातम्या देत होती, "आज्जी, कॅनॉट लाह! वॉटर कमिंग टू द हॉल लाह!"

उरलेल्या पाचजणींनी (त्यात मी आणि शू मिन) टॉवेलनं अंग पुसलं. तेल पुसलं की जात नाही, सगळीकडे सारखं पसरतं, हे मला त्या दिवशी कळलं.

तरी करीट राहिलं होतं. नरकासुर म्हणून डाव्या पायाच्या अंगठ्यानं फोडायचं ते कडू फळ इथे कुठलं मिळायला? पण सासूबाईंनी हौगांगच्या बाजारातून लिंबाएवढी हिरवी थाई वांगी आणून ठेवली होती. तुळशीच्या कुंडीपुढे, कॉमन कॉरिडॉरमध्ये, आठ बायका ओळीनं उभ्या राहिल्या आणि 'गोविंदा' म्हणत वांग्यांवर तुटून पडल्या. रग्बीवाल्यांना हळू चिरडता येत नाही. एक बी समोरच्या अंकलच्या चहात पडलं. ते कप घेऊन उठले. आत गेले आणि दाराला आतून साखळी लावली.

मैदानापर्यंत एलआरटीनं, म्हणजे इथल्या छोट्या लोकलनं गेलो. डब्यातल्या दांडीवर एकीचाही हात टिकेना. गाडी वळली की पाचजणी एकदम इकडून तिकडे. लोकांनी आधी जागा दिली, मग डबाच दिला.

पण सामना सुरू झाला आणि काय सांगू, पहिल्या अर्ध्यात आम्ही देवच होतो! समोरच्या पोरी मांडीला मिठी मारायच्या आणि मासा सुटावा तशा आम्ही सुटायचो. एकीनं मला तीनदा धरलं आणि तीनदा तिच्या हातात फक्त वास राहिला. पंच प्रत्येक स्क्रमनंतर तळवे चड्डीला पुसत होते. काठावर सासूबाई नऊवारीत उभ्या राहून ओरडत होत्या, "शुमे, खाली घे तिला! चारू, तू कशाला उभी हायस, बस यायची हाय व्हय तुझी?"

आमच्या मागच्या पोरींना तेल लागलेलं नव्हतं, त्यांनी ट्राय केले. सामना खिशात आला. उरला होता फक्त शू मिनचा.

शेवटची काही मिनिटं. गर्दीतून चेंडू कसा कोण जाणे माझ्या पोटावर येऊन बसला. एकीनं मला धरलं, घसरली. दुसरीनं धरलं, तीही घसरली. मान वर केली तर समोर कुणी नाही! नुसतं गवत, आणि चार पावलांवर रेषा. डाव्या खांद्याशी शू मिनचा श्वास ऐकू येत होता. ती लंगडत होती, पण पळत होती.

"चारू," एवढंच म्हणाली.

मला नुसता चेंडू बाजूला द्यायचा होता. एक हात अंतर. पण मला वाटलं, एवढा मोठा क्षण, जरा देखणा द्यावा. मी दोन्ही हात मागे नेले, मान वळवून तिच्याकडे हसले आणि चेंडू सोडला. तो आंघोळीच्या साबणासारखा वर उडाला, माझ्या नाकावर आपटला आणि पुढे जाऊन पडला. हातातून चेंडू पुढे पडला की रग्बीत खेळ थांबतो. शिट्टी वाजली. त्यानंतर लगेच शेवटचीही वाजली.

शू मिन त्या रेषेपाशी कमरेवर हात ठेवून उभी होती. रेषेच्या अलीकडे. मग माझ्याकडे आली, माझ्या केसांतला गवताचा तुरा काढला आणि म्हणाली, "नेव्हर माइंड लाह. विन ऑलरेडी." बूट काढले, नाड्यांची गाठ मारून गळ्यात टाकले.

आणि मी? मी सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं, "तेल होतं ना हाताला!"

सासूबाई मागेच उभ्या होत्या. तेवढ्या वाक्याला इंग्रजी कळायचीही गरज नव्हती, मी हात वर करून दाखवलेच होते. घरी आल्यावर त्यांनी वाटी घासून पालथी घातली. पाडव्याला मंदारला तेल लावायलाही ती सुलटी केली नाही. "माझ्यापायी पोरीचं राहिलं," एकदा भाजी निवडताना म्हणाल्या. तेव्हा 'नाही हो आई' म्हणायला किती वेळ लागतो? मी म्हटलं, "जाऊ द्या." आणि कोल्हापूरला जाईपर्यंत त्या तशाच, अर्ध्या आवाजात बोलत राहिल्या. वर्षभर क्लबात मी ती गोष्ट रंगवून रंगवून सांगितली. दरवेळी तेल वाढत गेलं. शेवटी शेवटी तर बादलीभर होतं.

पुढच्या दिवाळीला सासूबाई परत आल्या त्या बेत आखूनच. शू मिनचं ऑपरेशन होऊन गेलं होतं. ती चालत होती, जिने जपून चढत होती. सासूबाईंनी सगळ्याजणींना बोलावलं आणि आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत, 'येथे चेंडू खेळण्यास मनाई आहे' या पाटीच्या बरोबर खाली, रांगोळीची लांबलचक रेषा काढली. ट्रायची रेषा. दोन्ही टोकांना पणत्या.

मंदार आणि ईरा समोरचा संघ. त्यांना पडण्याचे आदेश होते. आणि चेंडू शू मिनच्या हातात देणार अर्थातच मी. पण त्याआधी सासूबाईंनी मला नळाखाली उभं केलं, भांड्याच्या साबणानं माझे हात कोपरापर्यंत दोनदा धुतले, पदरानं कोरडे केले, उन्हात धरून पाहिले.

"आता दे," म्हणाल्या.

शू मिन माझ्या डाव्या खांद्याशी आली. बूट घालून आली होती. मंदार पडला. ईरा दोनदा पडली. कुणी धरलं नव्हतं, वारा नव्हता, एक हात अंतर. मी चेंडू दिला.

म्हणजे द्यायला गेले. तो माझ्याच गुडघ्यावर आपटला, पुढे घरंगळला आणि रांगोळी फिस्कटून पलीकडे जाऊन थांबला.

सासूबाई पुढे आल्या. माझे दोन्ही तळवे धरून उलटेपालटे केले, नाकाशी नेऊन हुंगले. मग वर्षभरात पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर रंग चढला.

"कोरडं ठक्क!" त्या सगळ्यांना म्हणाल्या. "तेलाचं काय बी न्हवतं!"

"आंटी, ते मला आधीपासून माहीत होतं," शू मिन म्हणाली. मी भाषांतर करायला टाळाटाळ केली, ते ईरानं केलं. रेषेपलीकडे पडलेला चेंडू शू मिननं नुसता टेकवला असता तरी आम्ही टाळ्या वाजवल्या असत्या. पण तिनं तो उचलून माझ्याकडे आणून दिला. हातातून पुढे पडलेल्या चेंडूचा ट्राय होत नाही. तिचा तो अजून राहिलेलाच आहे.

त्या दिवसापासून पितळेची वाटी परत सुलटी झाली. सासूबाई दर दिवाळीला शुमीच्या गुडघ्याला तासभर तेल चोळतात, बाकीच्याही रांगेनं बसतात. शेवटी हिरवी वांगी वाटली जातात. सगळ्यांना हातात मिळतं, मला मात्र नाही. माझं वांगं सासूबाई स्वतः वाकून माझ्या अंगठ्यापुढे ठेवतात आणि म्हणतात, "तू नुसता पाय दे बाई. हातात दिलं, तर नरकासुर जित्ता सुटंल."