मालूबाईंनी बुजवलेला पाइप

बुधवाऱ्याच्या बाजारात मालूबाईंचा पालक सकाळीच संपायचा. पानं रुंद, गर्द हिरवी. आमच्या घरी कित्येक वर्षं तोच यायचा. त्यांचं शेत शहराबाहेर नाल्याच्या काठावर. आजूबाजूला सगळी केळी, पण मालूबाईंनी भाजीच धरली, कारण नाल्याचं पाणी उन्हाळ्यातही आटत नसे.

मागच्या वर्षी त्यांची सून हिमानी पोट धरून बसायला लागली. अंगात रक्त नाही, हातपाय गळालेले. गोळ्यांनी फरक पडेना, तेव्हा मालूबाईंचा मुलगा विपुल तिला इंदूरला घेऊन गेला. डॉक्टरांनी विचारलं, "घरात कोणी जुन्या बॅटऱ्यांचं काम करतं का?"

कोणीच करत नव्हतं. पण हिमानीला शेताच्या वरच्या अंगाची पत्र्याची शेड आठवली. तिथे जुन्या बॅटऱ्यांचे ट्रक यायचे. बॅटऱ्या फोडून आतलं शिसं वितळवायचे आणि धुण्याचं पाणी पाइपातून नाल्यात सोडायचे. तपासणीत रक्तात शिसंच निघालं. हिमानीच्या सगळ्यात जास्त, पण घरातल्या प्रत्येकाच्या थोडंफार होतंच.

विपुलने शेतातली माती आणि पालक तपासायला दिला. निकाल सांगायला मातीपरीक्षणाच्या तेजस्विनी मॅडम शेतावर आल्या.

"शिसं मातीत बसलंय, मावशी. पालेभाजी ते ओढून घेते."

"चांगली धुऊन घेतली तर?"

"वरची माती जाईल. पानाच्या आतलं नाही जाणार."

"अन् शेतातून कधी जाईल?"

"आपोआप? आपल्या हयातीत नाही."

पालक तेव्हा कापणीला आला होता. मालूबाईंचे यजमान सुकलाल बांधावर बसून होते. मग म्हणाले, "व्यापारी खंडव्याला न्यायला तयार हाये. तिथं आपल्याला कोण ओळखतं?"

"तिथल्या लोकांची पोटं काय लोखंडाची हायेत?" मालूबाई म्हणाल्या आणि वाफ्यात उतरल्या. सगळा पालक मुळासकट उपटला, बकऱ्यांच्या तोंडी लागू नये म्हणून खड्ड्यात पुरला. पुरताना त्या रडल्या, असं हिमानी सांगते. त्या स्वतः मात्र ते कबूल करत नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्या रिकामी पाटी घेऊन बुधवाऱ्यात आपल्या जागेवर बसल्या. येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, मलाही सांगितलं, "नाल्यावरची भाजी नका घेऊ. माझीबी नका घेऊ." शेजारच्या शेताचा समाधान चिडून आला.

"काकी, तुझ्या तोंडापायी माझा माल सडतोय!"

"तुझ्या पोरीला खाऊ घालशील तो माल? घालत असशील तर मी आत्ता गप बसते."

समाधान पाय आपटत निघून गेला. महिनाभर त्याने तोंड दाखवलं नाही.

तक्रारी झाल्या. प्रदूषण मंडळाचे एक साहेब आले, शेडसमोर उभे राहून फोटो काढून गेले. पाणी येतच राहिलं. शेवटी एके सकाळी मालूबाईंनी आपल्याच शेताची माती गोण्यांत भरली. विपुल, हिमानी आणि त्यांनी मिळून त्या गोण्या पाइपाच्या तोंडात ठोसून बसवल्या, वरून सिमेंट थापलं. दुपारपर्यंत शेडच्या अंगणात काळं पाणी तुंबलं.

शेडचा मालक योगेंद्र धावत आला. "मावशी, ये क्या लावलंय? नाला सरकारी आहे. पाइप बंद करायचा तुम्हाला काय हक?"

"नाला सरकारी हाये, पण पाणी तुझं हाये ना? तुझं पाणी तुझ्या दारात ठेवलं. माझ्या दारात लई दिवस ठेवलंस."

"पोलीस बुलवीन!"

"बोलाव. पेपरवाल्यालाबी बोलाव. त्यांनाबी दिसू दे."

त्याची माणसं गोण्या ओढायला पुढे झाली, तशा मालूबाई सरळ गोण्यांवर जाऊन बसल्या. कोणाची हात लावायची हिंमत होईना. तेवढ्यात बांधावरून समाधान उतरला. खांद्यावर मातीची गोणी होती. त्याने ती मालूबाईंच्या शेजारी टाकली आणि तिच्यावर बसला.

पोलीस आले, त्यांच्यामागून तेच साहेब आले. या वेळी बूट त्या काळ्या पाण्यात बुडवूनच त्यांना आत जावं लागलं. थोड्याच दिवसांत शेडला सील लागलं.

पण माती सुधारली नाही. आता तिथे झेंडू होतो, खायचं काही लावत नाहीत. फुलं विकायला मालूबाई त्याच जागेवर बसतात. काही जुनी गिऱ्हाइकं त्यांच्याकडे बघून रस्ता बदलतात, जणू विष त्यांनीच कालवलं होतं. हिमानी औषधांनी सावरली आहे, तरी जिना चढताना थांबते.

योगेंद्रने नुकसानीचा दावा लावला आहे. माफी मागितली तर प्रकरण मिटेल, असं मालूबाईंच्या वकिलाने सुचवलं. मालूबाईंनी वकील बदलला. मागच्या तारखेला कोर्टात समोरच्या वकिलाने विचारलं, "पाइप कोणी बुजवला?"

"मी," मालूबाई म्हणाल्या. "परत सुरू झाला तर परत बुजवीन. हेबी लिहून घ्या, साहेब."