टिटवीचं वाक्य

चष्मा कपाळावर सरकवायचा, स्क्रीनकडे रोखून पाहायचं आणि विचारायचं, "वाचलंस, पण कळलं का?" मराठीच्या बाईंच्या हाताखाली शिकला असाल, तर तो स्वर तुम्हाला ठाऊक असेल.

बाई शाळेतून निवृत्त होऊन विश्रांतवाडीच्या आमच्या छोट्या ऑफिसात आल्या, त्या एका संगणकाला शिकवायला. तो दिवसभर इंटरनेटवरच्या बातम्या, ब्लॉग वाचायचा आणि त्यातून काय शिकला याची यादी सकाळी पुढे ठेवायचा. बाई प्रत्येक वाक्यापुढे 'बरोबर' किंवा 'चूक' अशी खूण करायच्या. त्यावरून तो पुढचं वाचायला शिकायचा.

एकदा त्यानं ठरवलं, खडकवासला धरण ही शाळा आहे. शाळा भरते, खडकवासलाही भरतं! आम्ही हसत सुटलो. बाई शांतपणे म्हणाल्या, "माझ्या वर्गातली निम्मी मुलं अशीच होती. हा निदान शेजारच्याचं बघून लिहीत नाही."

मग एका सकाळी यादीत वाक्य आलं : 'वेडा राघू उडता उडता माशी पकडतो.'

"हे कुठे वाचलं यानं?" बाईंनी मला बोलावून विचारलं. मी पान उघडून दाखवलं. पक्ष्यांवरचा ब्लॉग होता, बरीच वर्षं बंद पडलेला.

"आमच्या ह्यांचा आहे," त्या म्हणाल्या. ते गेल्यापासून बाईंनी तो उघडलाच नव्हता.

त्यानंतर त्या अर्धा तास आधी यायला लागल्या. "आज त्यांचं काही?" असायचं एखादं वाक्य. ते हळू आवाजात वाचून म्हणायच्या, "हा पक्षी पाषाणच्या तळ्यावर दिसला होता. दुर्बीण ह्यांच्या हातात, डबा माझ्या."

एक दिवस आलं : 'आभाळ पडू नये म्हणून टिटवी पाय वर करून झोपते.'

बाई खळखळून हसल्या, मग डोळे पुसले. "थट्टेत लिहिलंय गं. मी तेव्हाच म्हटलं होतं, कुणीतरी खरं मानेल." त्यांचं बोट बराच वेळ अधांतरी थांबलं.

"राहू द्या ना, बाई. एका वाक्यानं काय बिघडतंय?"

"शिकणाऱ्याला खोटं कसं शिकवू?" म्हणाल्या, आणि 'चूक' केलं. त्या दिवशी डबा तसाच परत गेला.

महिनाभरात ब्लॉग वाचून झाला. "संपलं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. मान हलवून त्या पुढच्या वाक्याकडे वळल्या.

गेल्या वर्षी बाईंना अक्षरं दिसेनाशी झाली. ऑपरेशनचाही उपयोग झाला नाही. त्या लेकीकडे नाशिकला गेल्या. यादी आता मी तपासते. कधी फोन येतो. "वाचतोय ना अजून?"

"वाचतोय, बाई."

"वाचू दे."

एवढं बोलून त्या फोन ठेवतात.

वाचलेल्या पानांवर काही नवं आलंय का, हे तो रोज सकाळी बघून येतो. त्या ब्लॉगवरही जातो. 'नवीन मजकूर नाही', एवढीच नोंद पडते. बंद पडलेले ब्लॉग वाचायच्या यादीतून काढून टाका, असं वरून सांगितलंय. बाकीचे मी काढले. तो एक अजून राहिलाय.