पुसून टाका हो

आई मोबाइलचा पासकोड विसरली, म्हणून मी तिला दुरुस्तीच्या दुकानात नेलं. दुकानदार म्हणाला, “फोन चालू होईल, पण फोटोबिटो सगळे जातील.” गेल्या वर्षी वारलेल्या बाबांचे शेवटचे फोटो त्यातच होते. मी म्हणालो, “आई, आणखी कुठे विचारून बघू या.”

“कशाला? पुसून टाका हो,” ती दुकानदाराला म्हणाली.

कोरा झालेला फोन हातात आल्यावर मी विचारलं, “नवा पासकोड बाबांची जन्मतारीख ठेवू ना?”

“नको. लग्न झाल्यापासून त्यांचंच ऐकत आले. पुरे आता.”

तिच्या आवाजात राग नव्हता, रडू तर नव्हतंच. दोन माणसं शेजारी बसून जेवतात आणि पाहणारा त्याला प्रेम म्हणून मोकळा होतो. आईच्या गप्प राहण्याला मी जन्मभर सुख समजत आलो.