बायको की विद्यार्थिनी

बाबांना अर्धांगाचा झटका आल्याची तार आली, तेव्हा मी अमेरिकेत रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होते. लग्नाला पाच महिने झाले होते. नवरा तिथलाच नागरिक, माझ्याच प्रयोगशाळेतला. त्यानं जुनी मोटार विकून माझं तिकीट काढलं. विद्यार्थी म्हणून मिळालेला व्हिसा संपत आला होता, पण तो मुंबईत वाढवून मिळेल अशा समजुतीत मी विमानात बसले.

ठाकूरद्वारच्या आमच्या खोलीत बाबा पडून होते. डावी बाजू गेली होती, तरी मला ओळखून हसले. काका मात्र उंबऱ्याबाहेरच उभा. विमा कचेरीतला हेडक्लार्क. मी गोऱ्याशी लग्न केल्यापासून तो आमच्याकडे पाणी पीत नव्हता. बाबांची चौकशी बाहेरूनच करून जिना उतरायचा आणि कोपऱ्यावर संयुक्त महाराष्ट्राच्या सभेत सगळे मराठी एक आहेत असं भाषण ठोकायचा. चळवळ बाबांचीही होती, माझीही. काकाच्या तोंडी ती ऐकवत नसे.

बाबा जरा सावरल्यावर मी वकिलातीत गेले. अधिकारी माझ्याच वयाचा असेल. त्यानं अर्ज वाचला.

"शिक्षण संपल्यावर मायदेशी परतणार, असं तुम्ही लिहिलंय. नवरा तर आमचा नागरिक. खोटं काय, अर्ज की लग्न?"

"दोन्ही खरं आहे," मी म्हटलं. "काय ते पदवी झाल्यावर दोघं मिळून ठरवू."

"मग बायको म्हणून अर्ज करा."

"त्याला किती दिवस लागतील?"

"काही महिने."

माझं सत्र तीन आठवड्यांत सुरू होणार होतं. तेही मी सांगितलं. त्यानं घड्याळात पाहिलं.

व्हरांड्यात तिथला मराठी कारकून मागोमाग आला. "बाई, नवऱ्याशी पटत नाही म्हणून लिहून द्या ना. वेगळे राहणार म्हणा, म्हणजे विद्यार्थिनीचाच व्हिसा मिळेल. तिकडे कोण बघायला येतंय?" हे त्यानं उपकार केल्यासारखं सांगितलं. साहेबाशेजारी इतकी वर्षं बसून त्याला एवढीच विद्या आली होती. मी त्याचे आभार मानले. त्या आभारांची मला आजही लाज वाटते.

तसलं काही मी लिहून दिलं नाही. बायको म्हणून अर्ज केला. नवऱ्याची पत्रं, त्याच्या पगाराचा दाखला, पोलिसांचा दाखला, छातीचा फोटो, सगळं गोळा केलं. मुलाखतीच्या दिवशी हरताळ होता. ट्राम बंद, बस बंद. गिरगावातून विटांचे तुकडे चुकवत चालत गेले, तर दाराला कुलूप. नवी तारीख दीड महिन्यानंतरची मिळाली. सत्र सुरू होऊन गेलं आणि प्रयोगशाळेतली माझी जागा दुसऱ्याला दिल्याचं पत्र आलं. मी ते बाबांना वाचून दाखवलं नाही.

त्याच सुमारास एका संध्याकाळी काका आत आला आणि बाबांच्या पायथ्याशी टेकला. आईनं चहा दिला, तो त्यानं बशीत ओतून प्यायला.

"आमच्या थोरल्याला तिकडे पाठवावं म्हणतोय," तो मला म्हणाला. "तुझे मिस्टर दोन ओळी लिहून देतील ना?"

"त्यांच्या अक्षरानं विटाळ नाही होणार?"

"अगं, ते जुने विचार झाले," काका म्हणाला आणि बाबांचे पाय चेपू लागला. बाबांनी धड असलेला उजवा पाय ओढून घेतला. त्या आजारपणात मला इतकं बरं दुसऱ्या कशानं वाटलं नाही.

सात महिन्यांनी व्हिसा मिळाला. निघताना बाबांनी माझा हात बराच वेळ सोडला नाही. पुढच्या वर्षी ते गेले आणि मला येता आलं नाही. ज्या प्रयोगशाळेत मी शिकत होते, तिथंच दोन वर्षं काचेची भांडी धुतली. मग पुन्हा प्रवेश मिळवून पदवी घेतली.

आईनं ज्ञातीच्या मासिकातलं कात्रण पाठवलं. काकानं माझा फोटो छापून आणला होता. खाली माझं माहेरचं नाव, पदवी आणि 'यांची पुतणी' म्हणून त्याचं स्वतःचं नाव. माझ्या नवऱ्याचा उल्लेख कुठेच नव्हता.